सूर धरणारा

सदाशिव गुरवाचा डोळा लागतोय, पण पुरता लागलेला नाही. दुपारचं जेवण झालंय, सोप्यातल्या बाजेवर तो आडवा झालाय आणि पोटावर ठेवलेल्या हातात सनईची अर्धवट बांधलेली पत्ती आहे. पत्ती म्हणजे ताडाच्या पानाची, करंगळीच्या नखाएवढी दुहेरी पट्टी. ती दोऱ्यानं आवळून एका पितळी नळीवर बांधायची, नळी सनईच्या तोंडात बसवायची आणि पत्ती आपल्या ओठांत धरायची. हातभर सनई बोलते ती त्या एवढ्याशा पानामुळं. सदाशिवानं सकाळपासून सहा पत्त्या बांधल्या आणि सहाही वाया घालवल्या. ही सातवी. दोरा निम्मा गुंडाळून झालाय, उरलेला अंगठ्याला अडकून लोंबतोय आणि गडी पेंगुळलाय.

झोप येणारच हो. पहाटे साडेचारला उठून हा माणूस गावच्या डेअरीत जाऊन बसतो, दूध मोजून घेतो, फॅट काढतो, संध्याकाळी पुन्हा तेच. दुपारची घटकाभर झोप हीच काय ती त्याची. आज संध्याकाळची त्यानं सुट्टी काढलीय, कारण आज पौर्णिमेची पालखी आहे.

आतल्या खोलीत त्याची लेक प्रांजल पेल्यातल्या पाण्यात पपईचा देठ बुडवून फुंकतेय. बुडबुड, बुडबुड, बुडबुड. अकरा वर्षांची पोर, पण हट्टाला बापाच्या वरताण. तोंडानं फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास आत घ्यायचा, पाण्यातले बुडबुडे मात्र थांबू द्यायचे नाहीत. सनईवाल्यांच्या घरात पोरं आधी हे शिकतात आणि मग सनईला हात लावतात.

आता या घराची गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी. भैरोबाच्या देवळातल्या नगारखान्यात सनई वाजवायचा मान या गुरवांचा. पालखी खांद्यावर चढली, की देवळाला फेरी मारून परत खाली टेकेपर्यंत सनई तुटता कामा नये, अशी रीत. सदाशिवाचे वडील धोंडिबा, म्हणजे आमचे तात्या, यांनी ती रीत मरेपर्यंत चालवली. एकतीस वर्षं सदाशिव त्यांच्या शेजारी बसून सूर धरत आला. सूर म्हणजे सनईसारखंच वाद्य, पण त्यावर गाणं वाजवायचं नाही. एकच स्वर लावायचा आणि वाजवणाऱ्याच्या मागं तो न हलवता धरून ठेवायचा. "बोटं जड हायती तुजी, तू सूरच धर," असं तात्या नवव्या वर्षी म्हणाले, आणि त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पालखी संपली, की लोक तात्यांच्या पाया पडायचे आणि सदाशिव चादर झटकून घड्या घालायचा. पेपरात एकदा फोटो आला होता, तो भिंतीवर लावलाय. त्यात तात्या आहेत, सनई आहे, आणि कडेला सदाशिवाचं कोपर आहे.

दोन वर्षांपूर्वी तात्या गेले. तेव्हापासून पालखीला भोंग्यावर सनई लावतात. आता देवस्थाननं विजेवर चालणारं यंत्र आणलंय. बटण दाबलं, की नगारा, झांज, घंटा, सगळं आपोआप. शंकरराव पंच बरा माणूस. ते म्हणाले, "सदा, पोरगी वाजवती म्हनतोस, तर वाजवू दे. पालखी टेकंपतूर तुटली न्हाई, तर मान तुमचाच. तुटली, तर यंत्राचं खोकं फोडू."

गेले चार महिने घरात त्याचीच तालीम चाललीय. सदाशिवाची बायको उज्ज्वला धुण्याची पाटी खांद्यावर घेते, ती पालखी. पालखीच्या चालीनं सावकाश तिनं घराला तीन फेऱ्या मारायच्या, म्हणजे देवळाची एक भरते, आणि तोवर प्रांजलनं दम तोडायचा नाही. पहिली फेरी झकास होते. दुसरीही होते. तिसऱ्या फेरीत उज्ज्वला पाण्याच्या टाकीपाशी आली, की सनई गप्प. रोज तिथंच. मग सदाशिव ओरडतो, "पुन्ना!"

त्यानं पोरीसाठी काही कमी केलेलं नाही. तात्यांनी बांधलेली शेवटची पत्ती दोन वर्षं देव्हाऱ्यात होती, हळदीकुंकू वाहिलेली. ती काढून त्यानं तिच्या सनईला बसवली. आजोबांची पत्ती नातीच्या ओठांत, याहून मोठा आशीर्वाद तो काय? तरी दम तुटतोच. आणि सनईच्या गळ्यात एखादी जादा पत्ती लटकवल्याशिवाय वर नगारखान्यात चढायचं नसतं, म्हणून तो ही सातवी बांधायला बसलाय. फक्त लटकवायला. त्याची पत्ती वाजणार आहे, असं त्याला स्वतःलाही वाटत नाही.

बुडबुड, बुडबुड.

बुडबुडे मोठे होत जातात. पाणी पांढरं होतं. दूध आहे हे.

डेअरीत रांग लागलीय. सदाशिव काट्यामागं बसलाय, एकेकाची किटली ओतून घेतोय. रांगेतली माणसं ओळखीची आहेत, पण कुणाचं नाव आठवत नाही आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. तो मान वर करतो, तर पुढं तात्या उभे. अंगात बंडी, डोक्याला पटका, तोंडात दात नाहीत. हातात किटली नाही, सनई आहे.

"तात्या, दूध कुटाय?" सदाशिव विचारतो. मेलेला बाप रांगेत उभा आहे, याचं नवल वाटायला हवं हे त्याला कळतं, पण ते वाटत नाही.

"दूध न्हाई. दम आनलाय. मोज."

"दम कसा मोजायचा?"

"आरं, मशीन कशाला हाय मग? धर."

तात्या सनईचं तोंड भांड्यावर उपडं करतात. भांड्यात काहीच पडत नाही, पण भांडं भरतं. मशीन घरघर करतं आणि चिठ्ठी बाहेर येते. सदाशिव ती वाचायला जातो, तर तात्या चटकन काढून बंडीच्या खिशात घालतात.

"काय आलं?"

"दावतो मागनं. आदी वर चल."

डेअरीचं मागचं दार उघडतं आणि पलीकडं म्हशी नाहीत, नगारखान्याचा जिना आहे. चौदा दगडी पायऱ्या, अंग चोरून चढायच्या. शेवटच्या वर्षी तात्यांना या पायऱ्या चढवत नव्हत्या. सदाशिव त्यांना पाठीवर घेऊन चढायचा, आणि कुणी बघू नये म्हणून पालखीच्या आधी तासभर नेऊन बसवायचा. आज तात्या पुढं आहेत. चौदाच्या चौदा चढले, तरी त्यांचा श्वास वाढलेला नाही.

"तात्या, दमा गेला वाटतं तुमचा?"

"श्वासच न्हाई, तर दमा कुटनं असंल?" म्हातारा खळखळून हसतो. जिवंतपणी असा हसायचा नाही. सदाशिवाला बरं वाटतं.

नगारखान्याच्या झरोक्यातून खाली देऊळ दिसायला हवं. दिसतं ते सदाशिवाचं घर. कौलं नाहीत, वरून सगळं उघडं आहे. सोप्यात प्रांजल मांडी घालून बसलीय, सनई ओठांत. उज्ज्वला पाटी खांद्यावर घेऊन फिरतेय, पण पाटीत धुणं नाही, देवाचा मुखवटा आहे आणि तो ऊन लागतंय म्हणून डोळे मिचकावतोय. दोघं बाप-लेक झरोक्यात कोपरं टेकून बघत बसतात.

पोर सुरू करते. पहिली फेरी. सदाशिवाच्या अंगावर काटा येतो. इतके दिवस तो तिच्या चुकाच ऐकत आलाय. वरून ऐकताना पहिल्यांदाच त्याला ते ऐकू येतं, ती काय वाजवतेय ते. कसली गोड फिरत आहे तिच्या बोटांची! आणि हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

"तात्या, ऐकताय न्हवं?"

"गप. ऐकू दे."

दुसरी फेरी. तिसरी. उज्ज्वला टाकीपाशी येते आणि सनई थांबते. खाली एक माणूस अंगणात पाय आपटतो. "पुन्ना! कितींदा सांगितलं? पुन्ना!"

तात्या कपाळाला आठ्या घालतात. "ह्यो कोन रं? लेकरावर एवडा वराडतोय?"

सदाशिव निरखून बघतो. त्याला लाज वाटते. "मीच हाय तात्या."

"असं व्हय." म्हातारा झरोक्यातून आणखी वाकून बघतो. मग म्हणतो, "तिच्या तोंडात काय घातलंस?"

"तुमची पत्ती. शेवटची. देव्हाऱ्यात ठेवली हुती, कुनाला हात लावू दिला न्हाई."

"माजी?"

"व्हय."

"आरं शान्या, माजा चष्मा का न्हाई दिलास तिला?"

"तात्या—"

"माजी कवळी हुती की, कधी घातली न्हाई मी, ट्रंकेत हाय. ती का न्हाई बशिवलीस पोरीला?" तात्या आता चांगलेच तापलेत. बोलताना थुंकी उडते, अगदी जिवंतपणी उडायची तशी. "माज्या तोंडात दात न्हवतं. हिरड्यांनी दाबून वाजवायचो, म्हनून जाड पान ठेवलं हुतं. रेड्याचं कातडं नुसतं! ती एवडीशी पोर, तिचं ओठ ते केवडं! ती फुंकती कशी, हेच मला नवल. दोन फेऱ्या ओढती त्या पत्तीवर, आन तू वर तिलाच बोलतोस?"

पोरीच्या खालच्या ओठावर आलेला फोड सदाशिवाला आठवतो. उज्ज्वलानं तूप लावलं होतं. त्यानं विचारलं, दुखतंय का? पोर म्हणाली, न्हाई पप्पा, आजोबांची पत्ती हाय ना.

"ती एका शब्दानं बोलली न्हाई तात्या."

"बोलंल कशी? तू तरी कधी बोललास मला?"

आता ते नगारखान्यात नाहीत. विहिरीच्या पायरीवर बसलेत, पाय पाण्यात. हीच ती विहीर, इथंच तात्यांनी त्याला पपईचा देठ तोंडात देऊन दम शिकवला होता. पाण्यातून बुडबुडे येतायत, बुडबुड, बुडबुड, आणि पाण्याखाली कुणीतरी फुंकतंय. सदाशिव नऊ वर्षांचा आहे आणि बेचाळीसचाही आहे. हातात तीच अर्धवट पत्ती आहे.

"आन हिकडं ती," तात्या हात पुढं करतात. डावा हात. तात्या डावखुरे. जेवायचे उजव्या हातानं, कारण लहानपणी आईनं चटके दिले होते, पण पत्ती मात्र डाव्यानंच बांधायचे. त्यामुळं त्यांचा दोरा उलट्या बाजूनं फिरायचा. शंभर पत्त्यांत तात्यांची पत्ती कुणीही ओळखावी.

"ही नुसती लटकवायला हाय तात्या. मला जमत न्हाई. सहा वाया गेल्या."

"कुनी सांगितलं जमत न्हाई?"

"तुमीच. बोटं जड हायती म्हनाला हुता."

तात्या पान ओठांत घालून भिजवतात, गुडघ्यावर ठेवून काचेच्या तुकड्यानं अलगद खरवडतात, उजेडाकडं धरून बघतात, पुन्हा खरवडतात. मग दोरा दातांऐवजी हिरड्यांत धरतात आणि डाव्या हातानं गुंडाळायला लागतात. त्यांचा अंगठा थरथरत नाही. सदाशिव बघत बसतो. एवढ्या जवळ बसून बापाला पत्ती बांधताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. तात्या पत्ती बांधायला नेहमी दार लावून बसायचे.

गुंडाळता गुंडाळता तात्या म्हणतात, "खिशातली चिठ्ठी काड."

सदाशिव बंडीच्या खिशात हात घालतो. चिठ्ठीवर एकच आकडा छापलाय. सतरा.

"हे काय?"

"माजी शेवटची पालखी आठवती?"

आठवेल नाही तर काय! अजून गाव नाव काढतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, दमा झालेला, आणि पालखी उठल्यापासून टेकेपर्यंत सनई तुटली नाही. शंकरराव पंचांनी देवासमोर तात्यांना फेटा बांधला होता.

"त्यात सतरा येळा दम तुटला माजा," तात्या म्हणतात.

"काय बोलताय तात्या!"

"खोटं कशाला बोलू आता? आता काय मान जायाचाय माजा? आन त्याच येळी तुटला असं न्हाई. मी तरनाताटा हुतो, तवाबी तुटायचा. एकदा, दोनदा, कधी चारदा. माज्या बापाचाबी तुटत आसंल. पालखी टेकंपतूर एका मानसाला दम पुरतच न्हाई सदा."

"मग लोकास्नी कसं कळलं न्हाई?"

"तुजा सूर चालू हुता न्हवं. मी थांबलो, की तू हुतासच. लोकास्नी वाटायचं, म्हातारा लांब स्वर धरून बसलाय."

विहिरीतले बुडबुडे थांबलेत.

"पर मला कसं कळलं न्हाई? मी मांडीला मांडी लावून बसायचो."

"तुजा सूर तुज्याच कानात घुमायचा. आन डोळं मिटून धर म्हनून तुला मीच सांगितलं हुतं. ध्यान लागतं म्हनालो." तात्या दोऱ्याची गाठ मारतात आणि मान खाली घालतात. "ध्यानाबिनाचं काय न्हवतं. माजं थांबलेलं गाल तुला दिसू नये, म्हनून."

एकतीस वर्षं! सदाशिवाला राग यायला हवा, आणि येतोही. "एकदा सांगायचं हुतं," तो म्हणतो. आवाज नऊ वर्षांच्या पोराचा येतो. "एकदा तरी म्हनायचं हुतं, सदा, बरा धरतोस. मी चादरीच्या घड्याच घालत ऱ्हायलो."

"लाज वाटायची रं. सांगितलं असतं, तर मान निम्मा तुला द्यावा लागला असता. माज्याच्यानं ते झालं न्हाई." म्हातारा तळव्यानं डोळे पुसतो. "दवाखान्यात सांगनार हुतो. तोंडावर मास्क लावला हुता. मी बोलायचो, आन तू म्हनायचास, तात्या बोलू नगा, दम लागंल."

असंच झालं होतं. सदाशिवाला ते आठवतं.

"आता ऐक," तात्या म्हणतात. "त्या दिवशी फेटा बांधला, तवा गावासमोर माजी छाती फुगली हुती. त्यातला निम्मा दम तुजा हुता. माज्यापरीस तुजा सूर खरा. कधी हलला न्हाई. असा सूर धरनारा मी दुसरा बगितला न्हाई, आन त्यो माजा पोरगा. झालं. बोललो एकदाचं."

सदाशिव वाकतो, त्यांच्या पायांना हात लावायला. पाय पाण्यात आहेत, पाणी थंड आहे. तात्या त्याच्या मुठीत पत्ती ठेवतात आणि मूठ दाबतात.

"पोरीला सांग, तुटला दम, तर तुटू दे. भिऊ नगंस म्हनावं. शेजारी बाप सूर धरून बसलाय."

"तात्या, संध्याकाळी याल न्हवं ऐकायला?"

"मी कशाला यीन? मी जातोय कुटं?"

पाण्याखालून कुणीतरी हाका मारतंय. पप्पा. पप्पा.

"पप्पा, उठा की! साडेतीन वाजले. आई म्हणती, चहा गार व्हायला लागलाय."

सदाशिव डोळे उघडतो. प्रांजल बाजेशेजारी उभी आहे, हातात पेला, हनुवटीवरून पाणी गळतंय. बराच वेळ तो तिच्या ओठाकडंच बघत राहतो. फोड आहेच. खालच्या ओठावर, डाव्या बाजूला, चांगला लाल झालेला.

"दुखतंय का गं?"

"न्हाई."

"खरं सांग. मी वराडनार न्हाई."

पोर खाली बघते. "लय दुखतं पप्पा. पण आजोबांची हाय ना."

तो उठून बसतो. मूठ उघडतो, तर पत्ती बांधून झालेली आहे. झोपेत दोरा ओढला गेला असेल, असं त्याला वाटतं. बघत बसायला वेळ नाही. तो सनईवरची जाड पत्ती उपसतो आणि हातातली बसवतो.

"ही बघ जरा."

"ही तुम्ही बांधलेली? आन आजोबांची?"

"आजोबा म्हनत्यात, माजी पत्ती मला परत दे. तुला हवी तर त्यांची कवळी हाय ट्रंकेत."

पोर फिसकन हसते. मग पत्ती ओठांत भिजवते आणि हलकेच फुंकते. तिच्या भुवया वर जातात. पुन्हा फुंकते. स्वर असा सहज येतो, की स्वयंपाकघरातून उज्ज्वला पळी हातात घेऊनच बाहेर येते.

"अगं बया! हे काय नवीन?"

"पाटी घे," सदाशिव म्हणतो. "तीन फेऱ्या."

"अवं, चहा?"

"राहू दे गं चहा!"

आणि मग तो खुंटीवरची पिशवी काढतो. तात्या गेल्यापासून ती उघडली नव्हती. आतून सूर काढतो, धोतराच्या फडक्यानं पुसतो. प्रांजल बघत राहते. तालमीला पप्पांनी सूर कधी धरलेला नव्हता. आधी एकटीनं टिकायला शीक, असं म्हणायचे ते.

"प्रांजल, दम तुटला तर तुटू दे. थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्ना सुरू करायचं. भ्यायचं न्हाई."

"आन रीत? तुटता कामा नये म्हणतात की."

"रीत माज्याकडं हाय. तू वाजव."

तो मांडी घालून तिच्या शेजारी बसतो आणि सूर लावतो. दोन वर्षांची धूळ, पहिल्यांदा थोडं खरखरतं, मग स्वर सरळ उभा राहतो. सवयीनं त्याचे डोळे मिटायला लागतात. तो ते उघडतो. आयुष्यात पहिल्यांदाच तो उघड्या डोळ्यांनी सूर धरतोय.

उज्ज्वला पाटी खांद्यावर घेऊन चालायला लागते. पहिली फेरी. दुसरी. प्रांजल वाजवतेय, आणि तो बघतोय तिची बोटं, तिचे फुगलेले गाल, कपाळावरचा घाम. आपली पोरगी काय वाजवतेय, अहाहा! तोंडात सूर आहे म्हणून, नाहीतर तो मोठ्यानं बोललाच असता. तिसरी फेरी. टाकी. पोरीचे गाल खाली बसतात. सनई थांबते. तिचे डोळे भ्यालेल्या वासरासारखे त्याच्याकडं वळतात.

सदाशिव सूर हलू देत नाही. मानेनंच तिला सांगतो, घे. ती श्वास घेते, पोटभर घेते, आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचलते.

उज्ज्वला फेरी पुरी करून येते, पाटी खाली ठेवते आणि कमरेवर हात ठेवून दोघांकडं बघत राहते. तिचे डोळे भरलेत.

"कुटंच तुटलं न्हाई," ती म्हणते. "टाकीपाशी मी देवाचं नाव घेतलं, म्हटलं आता तुटनार. पर न्हाई तुटलं. केवडा लांब स्वर धरलास गं पोरी!"

प्रांजल बापाकडं बघते, बाप प्रांजलकडं. सदाशिवाची छाती भरून आलीय. पोरीचा अभिमान आहे, तो तर आहेच. पण आज त्याला स्वतःचाही वाटतो, आणि त्याची त्याला लाज वाटत नाही.

"चला," शेवटी तो म्हणतो. "तोंड धू. पाच वाजता वर चढायचं. आजोबांची पत्ती आन हिकडं, ती सनईच्या गळ्यात लटकवू. त्यास्नीबी वर न्यायला पायजे."

प्रांजल नवी पत्ती उपसून पुसायला घेते. बोटांत फिरवते आणि थांबते.

"पप्पा, ह्याचा दोरा उलटा गुंडाळलाय की तुम्ही. आजोबा बांधायचे तसा."

सदाशिव पत्ती हातात घेतो. खालचे चार वेढे उजवीकडून गेलेत, ते त्याचे, सैल आणि वेडेवाकडे. त्यांच्यावरचे सगळे डावीकडून आलेत, एकाला एक चिकटून, आणि गाठ डाव्या अंगाला मारलेली आहे. दोरा अजून ओला आहे.